रोमन काच : एका फुंकरीची किंमत

रोमन काचेवरचे कोणतेही सचित्र पुस्तक उघडा, पहिल्या पाच-सहा पानांत एक कुपी हटकून भेटते. मोरपिशी, सोनेरी, मधेच जांभळट. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जसा रंगांचा तवंग दिसतो, तसा तिच्या अंगभर पसरलेला असतो. लिलावाच्या याद्यांतही मान हिलाच. पाहणारा हरखतो आणि म्हणतो, दोन हजार वर्षांपूर्वी हे रंग कसे साधले असतील!

ते कोणी साधलेले नाहीत. तो रंग हा काचेचा रोग आहे. काच जमिनीत शतकानुशतके पडून राहिली की ओल तिच्यातला सोडा हळूहळू ओढून घेते. मागे वाळूच्या द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे अतिशय पातळ थर उरतात. या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग वाढतात, काही मरतात आणि आपल्याला इंद्रधनुष्य दिसते. ज्या माणसाने ही कुपी घडवली त्याने ती अशी कधी पाहिली नाही. त्याला ती अशी दाखवली असती तर त्याने ती भंगारात टाकली असती, असे मला वाटते.

हा रंग सुंदर नाही असे मी म्हणत नाही. आक्षेप एवढाच की शाबासकी भलत्यालाच मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनीने उत्खननातल्या काचेवरचा हा तवंग मुद्दाम, रसायने वापरून, नव्या काचेवर उतरवला आणि त्याला ‘फॅव्रील’ हे व्यापारी नाव दिले. म्हणजे क्षयाची नक्कल झाली, ती महाग विकली गेली, आणि मग त्या नकलेला सरावलेल्या डोळ्यांनी आपण मूळ रोमन काच पाहू लागलो. तेव्हा या काचेची समीक्षा करायची तर पहिले काम हा तवंग मनातून पुसण्याचे आहे.

पुसल्यावर खाली काय दिसते? बहुतेक वेळा एक फिकट, निळसर हिरवी पारदर्शक काच. समुद्राचे उथळ पाणी असावे तशी. हा रंगही कोणी घातलेला नव्हता. वाळूत लोहाचा अंश असतो, तो काचेला हिरवट करतो. रोमन काचेचे घटक दोनच: समुद्रकाठची वाळू आणि इजिप्तच्या वादी नत्रून खोऱ्यातला नैसर्गिक सोडा. काच टिकाऊ व्हायला चुनाही लागतो, पण तो वाळूतल्या शिंपल्यांच्या चुऱ्यातून आपोआप येई. थोरल्या प्लिनीने आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’च्या ३६व्या खंडात काचेच्या जन्माची गोष्ट सांगितली आहे. बेलस नदीच्या मुखाशी सोड्याचे व्यापारी उतरले, भांडी टेकवायला दगड मिळेनात म्हणून त्यांनी सोड्याचे खडेच चुलीला लावले, आणि वाळूबरोबर वितळून काच वाहू लागली. उघड्यावरच्या चुलीत एवढी आच मिळत नाही, त्यामुळे गोष्ट म्हणून ती सोडून द्यावी. तिच्यातली सामग्री मात्र अचूक आहे. नदीही खरी आहे आणि सोडाही.

हिरवट छटा घालवून स्फटिकासारखी पांढरीशुभ्र काच करायची तर अँटिमनी किंवा मँगनीज घालावे लागे. अशा काचेला भाव जास्त. डायोक्लेशन बादशहाने ३०१ साली मालाच्या कमाल किमती ठरवणारा हुकूम काढला, त्यात अलेक्झांड्रियाच्या काचेला पौंडाला २४ दिनारी आणि ज्यूडियाच्या हिरवट काचेला १३ दिनारी असा दर आहे. भांडी वजनावर विकली जात हे ऐकून आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटायचे कारण नाही. तांब्यापितळेची भांडी आपण तशीच घेत आलो.

आता मूळ मुद्दा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापर्यंत काचेचे भांडे करणे हे रेंगाळणारे काम होते. मातीचा गाभा करून त्याभोवती वितळलेली काच गुंडाळा, किंवा मऊ झालेली चकती साच्यावर वाकवा, मग घासा, मग चकाकी आणा. एका वाटीला दिवस जात. मग पूर्वेच्या भूमध्य किनाऱ्यावर कोणाला तरी सुचले की या लगद्यात हवा भरता येते. जेरुसलेमच्या ज्यू वस्तीत नाहमान आविगाद यांनी केलेल्या उत्खननात काचकामाचा जो उकिरडा सापडला, तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या मध्याचा. त्यात काचेच्याच बारीक नळ्या आहेत. त्यांचे एक टोक तापवून बंद केलेले, आणि काही ठिकाणी तिथे लहानसा फुगा आलेला. म्हणजे पहिली फुंकणी लोखंडाची नव्हतीच, ती काचेची होती. उकिरड्यात सापडलेला हा पुरावा मला संग्रहालयांतल्या कितीतरी पूर्ण पात्रांपेक्षा मोलाचा वाटतो. एका तंत्राची पहिली बोबडी अक्षरे त्यात आहेत.

लोखंडी फुंकणी आली आणि दिवसांचे काम मिनिटांवर आले. ऑगस्टसच्या काळातला भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की रोममध्ये तांब्याच्या एका नाण्याला काचेचा पेला मिळतो. पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मधला ट्रिमाल्किओ, म्हणजे गुलामीतून सुटून नवश्रीमंत झालेला तो बढाईखोर यजमान, म्हणतो की मला काचच आवडते, तिला वास येत नाही, फुटत नसती तर सोन्यापेक्षा बरी म्हटली असती, पण आता ती फार स्वस्त झाली. या वाक्याला नेहमी हसतात. मला ट्रिमाल्किओ इथे चांगला समीक्षक वाटतो. पितळेच्या पेल्यातले पेय पितळेसारखे लागते, हे त्याने ओळखले होते. काच स्वतःची चव देत नाही, आणि आतले दाखवते. वस्तू म्हणून हे तिचे दोन मोठे गुण आहेत, आणि दोन्ही एका नाण्यात मिळत होते.

फुंकलेली काच पाहायची कशी, हे मला पुस्तकांपेक्षा भट्टीवरच्या माणसांनी शिकवले. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. जे जमवले ते ग्रंथालयांत आणि फिरोजाबादच्या कारखान्यांत उभे राहून. तिथे कारागीर फुंकणीच्या टोकावर लगदा घेतो तेव्हा तो मधासारखा ओघळत असतो. म्हणून फुंकणी सतत फिरती ठेवावी लागते. फिरणे थांबले की भांडे एका अंगाला कलंडलेच. फुंकर जोरकस नसते, नेमकी असते. मग सपाट पाट्यावर लोळवणे, चिमट्याने मान ओढणे, तळाला दुसरी सळई चिकटवून फुंकणीपासून तोडणे, तोंडाची कड पुन्हा तापवून गोल करणे. शेवटी मंद आचेत तासन्‌तास निववणे. घाईने निवलेले भांडे दुसऱ्या दिवशी कोणी हात न लावताही तडकते.

हे डोळ्यांपुढे ठेवून पहिल्या-दुसऱ्या शतकातला एखादा साधा हिरवट सुरईवजा जग पाहावा. सगळे कौशल्य मुठीत एकवटलेले असते. मूठ नंतर लावतात. वितळलेल्या काचेचा एक घास जगाच्या खांद्यावर टेकवायचा, वर ओढायचा, कोपरात वाकवायचा आणि मानेला चिकटवून उरलेला दुमडून टाकायचा. सारे एका दमात, काच गोठायच्या आत. दुरुस्तीला जागा नाही. त्यामुळे प्रत्येक मुठीवर ओढीच्या रेषा राहतात, वरच्या टोकाला दुमड राहते, आणि त्या दुमडीत कारागिराच्या मनगटाचा वेग अजून दिसतो. मातीच्या भांड्यावर बोटांचे ठसे उमटतात. काचेला तर हात लावताच येत नाही, तरी तिच्यात हात इतका स्पष्ट दिसतो. रोमन काचेच्या सौंदर्याबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर मी ही मूठ सांगेन.

पण ग्रंथांत पाने खर्च होतात ती पोर्टलंड व्हाज या पात्रावर. ब्रिटिश म्युझियममधले हे जेमतेम २४ सेंटिमीटर उंचीचे पात्र पहिल्या शतकाच्या आरंभीचे. गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर, आणि तो पांढरा थर कोरून काढलेल्या सात आकृत्या. थर जिथे पातळ केला तिथून खालचा निळा झिरपतो आणि अंगावरच्या वस्त्राला, झाडाच्या पानाला सावली मिळते. कोरीव कामाची ही परिसीमा आहे, वाद नाही. तरी माझे मत असे की हे काचेचे शिल्प नव्हे, दगडाच्या शिल्पाचे काचेत केलेले भाषांतर आहे. दुरंगी गोमेदाचा दगड कोरून कॅमिओ करायची रीत आधीपासून होती. एवढा मोठा, निर्दोष थरांचा दगड मिळणे दुर्मिळ, म्हणून काच. इथे काच दुसऱ्या कोणाची भूमिका करते, आणि ती इतकी उत्तम वठवते की तिचा स्वतःचा स्वभाव, तो पारदर्शकपणा आणि ती ओघळ, शोधूनही सापडत नाही. जोसाया वेजवुडने १७९०च्या सुमारास याच पात्राची प्रतिकृती मातीत केली. ती इतकी जवळ जाऊ शकली, याचा अर्थ मूळ कृतीत काच असण्याला फारसे महत्त्व नव्हते. मातीत, दगडात, काचेत ती सारखीच उभी राहते. त्या हिरव्या जगाची मूठ मातीत करून दाखवा!

या पात्राची एक हकिगत मात्र सांगायलाच हवी. ७ फेब्रुवारी १८४५ रोजी विल्यम लॉइड असे नाव सांगणाऱ्या एका तरुणाने, आधी पुष्कळ प्यालेला असताना, दालनातला एक दगडी अवशेष उचलून या पात्रावर फेकला. दोनशेहून जास्त तुकडे झाले. खटला उभा राहिला तेव्हा अडचण अशी की खोडसाळ नासधुशीचा कायदा पाच पौंडांपर्यंतच्या वस्तूंनाच लागू होता. पात्र अमोल, म्हणून कायद्याबाहेर. शेवटी त्याला शिक्षा झाली ती बाहेरची काचपेटी फोडल्याबद्दल: तीन पौंड दंड, तोही कोणा अनामिकाने भरला. पात्र जॉन डबलडेने जोडले. ३७ लहान कपच्या उरल्याच. नंतर १९४८-४९ आणि १९८८-८९ अशा दोन वेळा ते पुन्हा सोडवून जोडले गेले. शेवटच्या खेपेला नायजेल विल्यम्स यांनी त्या कपच्यांपैकी बहुतेकांना जागा मिळवून दिली. आज आपण पाहतो ते कारागिरांच्या किमान दोन पिढ्यांचे, आणि त्यांतल्या दुसरीचे श्रेय फलकावर क्वचितच असते.

काच फुटली तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न रोमन कायद्यालाही पडला होता आणि तिथले उत्तर जास्त शहाणपणाचे आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा विधिज्ञ उल्पियन याचे मत जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये जपलेले आहे. विषय ‘डायट्रेटम’, म्हणजे कोरून जाळी काढलेला पेला. गिऱ्हाइकाने पेला कोरायला दिला आणि कारागिराच्या अडाणीपणाने तो फुटला, तर कारागीर जबाबदार. काचेतच आधीपासून दोषाची चीर असेल, तर त्याला माफी. आणि पुढे तो सहज नोंदवतो की असा माल हाती घेताना कारागीर बहुधा आधीच करार करून घेतात की फुटल्यास जोखीम आमची नाही. मी हा उतारा अनेकदा वाचला आहे. कलेच्या इतिहासात ज्या माणसाचे नाव नाही, चेहरा नाही, तो इथे बोलतो. त्याला आपल्या हाताची खात्री आहे, दुसऱ्याने फुंकलेल्या काचेची नाही.

आपल्या हाती आलेले जाळीचे पेले बहुतेक चौथ्या शतकातले, साधारण पन्नास, त्यांतही पुष्कळसे तुकड्यांत. १९६०मध्ये कलोनच्या ब्राउन्सफेल्ड भागात एका दफनात सापडलेला पेला पाहा. आत बिनरंगी वाटी, बाहेर तिच्यापासून काही मिलिमीटर सुटी असलेली हिरवी जाळी, वर पिवळी पट्टी, त्याहून वर लाल ग्रीक अक्षरांत पी आणि सदैव सुखाने जग अशी शुभेच्छा. जाळी आणि वाटी केवळ मागच्या बारीक पुलांनी जोडलेली. एका जाड भांड्यातून बाकी सारी काच घासून घालवायची आणि एवढेच शिल्लक ठेवायचे. जर्मन अभ्यासक रोझमारी लीर्के यांनी असे मांडले की हे पेले कोरलेले नसून साच्याच्या युक्तीने केलेले आहेत. मला ते पटत नाही. पुलांच्या कडांवर चाकाचे घाव दिसतात, आणि योझेफ वेल्त्सेल या जर्मन काचकोरक्याने असे पेले प्रत्यक्ष कोरून दाखवले आहेत. शिवाय साच्यातून निघणाऱ्या मालासाठी उल्पियनच्या कारागिरांनी असा करार कशाला केला असता?

याच जातीतला लायकर्गस पेला आज सर्वांत प्रसिद्ध. ब्रिटिश म्युझियमने तो १९५८ साली विकत घेतला. बाहेरून उजेड पडला तर शेवाळी हिरवा, आतून उजेड आला तर माणकासारखा लाल. काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, सुमारे ७० नॅनोमीटरचे, आणि प्रमाण दहा लाखांत सोन्याचे ४० व चांदीचे ३०० भाग इतके नगण्य. यावरून रोमन लोक नॅनोतंत्रज्ञ होते, असे मथळे सर्रास छापले जातात. हा उत्साह आपल्याकडच्या पुष्पक विमानाच्या उत्साहाचा भाऊ आहे. अशी दुरंगी काच अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली आहे. तंत्र मुठीत असते तर ती एवढी दुर्मिळ राहिली नसती. बहुधा भट्टीत काही मिसळले, काही साधले, आणि परत साधेल याची हमी कोणालाच नव्हती.

मला थक्क करतो तो रंग नव्हे, कोरणाऱ्याने त्या रंगाशी केलेला व्यवहार. कथा थ्रेसच्या राजा लायकर्गसची: त्याने डायोनिससच्या अनुयायांवर हल्ला केला, अँब्रोशिया नावाच्या अप्सरेची द्राक्षवेल झाली आणि त्या वेलीने राजाला आवळले. द्राक्षाच्या देवाची कथा, हिरव्याचा लाल होणाऱ्या पेल्यावर, ज्यात दारू ओतायची. एवढ्यावर तो थांबलेला नाही. मुख्य आकृत्यांच्या मागे आतल्या बाजूने त्याने काच पोखरली आहे, म्हणजे जाड अंगांतूनही उजेड सारखा यावा. आणि काचेत ज्या एका जागी लालऐवजी जांभळट झाक येते, तिथे लायकर्गसचे धड आहे. कोरायला बसण्याआधी त्याने ते जाड भांडे उजेडापुढे कितीदा फिरवले असेल! चुकून आलेली काच ओळखणे आणि तिच्यासाठी योग्य कथा निवडणे, याला कारागिरी म्हणायचे की समीक्षा, मला ठरवता येत नाही.

कारागिरांची नावे फार थोडी उरली. सायडनच्या परंपरेतला, पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातला एनिओन हा साच्यात फुंकून भांडी करी, आणि साच्यातच ग्रीकमध्ये आपले नाव कोरून ठेवी. काही भांड्यांवर विकत घेणाऱ्याची आठवण राहो, असेही आहे. ऑस्ट्रियातल्या लिंत्स इथे सापडलेल्या बाटलीच्या बुडाशी एका बाईचे नाव आहे: सेंटिया सेकुंडा, अॅक्विलेयात काच करते. ती स्वतः फुंकत होती की कारखान्याची मालकीण होती, यावर विद्वान भांडतात. बाटली साधी आहे, चौकोनी आणि हिरवट, खोक्यात एकीला एक लावून ठेवायच्या सोयीची.

उरला आपला संबंध, आणि तो गंमतीचा आहे. पहिल्या शतकाच्या मध्यातला ग्रीक खलाशांचा मार्गदर्शक ‘पेरिप्लस’ बारिगाझा, म्हणजे भडोच, बंदरात उतरणाऱ्या मालात कच्ची काच नोंदवतो. दक्षिणेत मुझिरिसलाही तीच. तयार भांडी सिंधच्या बंदरात. कच्ची काच म्हणजे भट्टीतून फोडून काढलेले ढेकळांसारखे तुकडे, पुन्हा वितळवायला. मो. गं. दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत लिहिला तो १९६९मध्ये मुंबई विद्यापीठाने छापला. मणी आणि बांगड्या हा आपल्या काचकामाचा कणा, हे त्यातून दिसते. अशा मण्यांना आणि बांगड्यांना तुकडेच सोयीचे, पेले नव्हेत. फुंकणीची आपल्याला निकड पडली नाही, कारण मातीचे भांडे एकदा वापरून टाकणाऱ्या समाजाला तांब्याच्या एका नाण्याचा पेलाही महाग, आणि धातू घासून पवित्र करता येतो तसा तिचा सोवळ्याओवळ्यात उपयोग नाही. हा माझा तर्क आहे.

तोच ‘पेरिप्लस’ सांगतो की पैठणहून भडोचला गोमेदाच्या जातीचा थरांचा दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवरून येई आणि पुढे जहाजावर चढे. म्हणजे ज्या दगडाची नक्कल करायला पोर्टलंड पात्राची निळीपांढरी काच राबली, तसला दगड दख्खनच्या वाटेने निघत होता, आणि त्याच धक्क्यावर पश्चिमेची काच ढेकळांनी उतरत होती. त्याच सुमारास तिकडे इटलीत प्लिनी लिहीत होता की हिंदुस्थानात काच फुटक्या स्फटिकापासून करतात, म्हणून तिची सर कोणत्याच काचेला नाही.